वाचकांचे प्रश्न : ‘आंग्स्ट’मधली आयरीन इतकी का घाबरते?

प्रश्न : रोबेर्तो रोसेलिनींचा ‘आंग्स्ट’ (१९५४) पाहिला. आपलं बाहेरचं प्रकरण नवऱ्याला कळेल या धास्तीने आयरीन जीव द्यायला निघते. कारखान्याचा कारभार सांभाळणारी बाई सरळ सांगून मोकळी का होत नाही?

उत्तर : कारण कबुली दिली की ती तिच्याचविरुद्ध पुरावा ठरते. पश्चिम जर्मनीत तेव्हा १९४६चा विवाह कायदा चालू होता. घटस्फोट मुख्यतः दोषावर मिळे आणि व्यभिचार हा ठळक दोष. न्यायालय दोष कोणाचा ते निकालात नोंदवत असे आणि पुढचं बरंचसं त्या नोंदीवर ठरे. दोषी ठरलेल्या बायकोला पोटगीचा हक्क राहत नसे. मुलंही, तसंच सबळ कारण नसेल तर, निर्दोष पालकाकडे जात. त्यावर फौजदारी कलम वेगळंच : व्यभिचारावरून घटस्फोट झाला आणि जोडीदाराने तक्रार केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. ते कलम १९६९ साली रद्द झालं. दोषावर आधारलेला घटस्फोट तर १ जुलै १९७७पर्यंत टिकला.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी होत्या. जोडीदाराने एकदा माफ केलं की त्या कारणावरून घटस्फोट मागता येत नसे. आणि प्रकरण कळल्यापासून सहा महिन्यांत दावा लावला नाही, तर तो हक्क संपे. आता आयरीनच्या नवऱ्याकडे, आल्बर्टकडे बघा. त्याला सगळं ठाऊक आहे. तो दावा लावत नाही आणि माफही करत नाही. बायकोने आपण होऊन कबूल करावं म्हणून तो योहाना नावाच्या बाईला तिच्या मागे लावतो, पैसे उकळायला लावतो. ही भूमिका करणाऱ्या माथियास वीमान यांचा मऊ, समजूतदार आवाज ऐकून पुष्कळ प्रेक्षक त्याला सोशीक नवरा समजतात. आम्हाला ते अजिबात पटत नाही. कायद्याने दिलेले दोन्ही सरळ मार्ग सोडून त्याने तिसरा, छळाचा मार्ग धरला आहे.

चित्रपटाचा काळही लक्षात घ्या. १९४९च्या राज्यघटनेने स्त्री-पुरुष समान मानले आणि त्याविरुद्ध जाणारे जुने नियम ३१ मार्च १९५३नंतर चालणार नाहीत असं ठरवलं. संसदेचा नवा कायदा मात्र १ जुलै १९५८ला आला. मधली सव्वापाच वर्षं घरात नवऱ्याचा शब्द कुठवर अंतिम, हे न्यायालयांनी ज्याच्या त्याच्या खटल्यात ठरवायचं. आयरीनची गोष्ट नेमकी याच पोकळीत घडते. श्टेफान झ्वाइग यांच्या मूळ कथेत ती व्हिएन्नातल्या एका वकिलाची बायको आहे, तिला घराबाहेरचं काम नाही. रोसेलिनींनी तिला म्युनिकमध्ये आणून कारखाना दिला, आणि तरीही तिची भीती कमी झालेली नाही.

प्रश्न : प्रयोगशाळेतले गिनीपिग इतका वेळ का दाखवले आहेत?

उत्तर : आल्बर्ट क्युरारे या विषावर उतारा शोधतो आहे, ते विष काय करतं हे कळलं की उत्तर मिळतं. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं. हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात, शुद्ध मात्र शाबूत राहते. प्राण्याला सगळं जाणवतं, हलता तेवढं येत नाही. आल्बर्ट विष टोचतो आणि शांतपणे पाहत बसतो. घरातही त्याचं हेच चाललं आहे. पुन्हा पाहताना हा प्रसंग आणि मुलीने भावाची छऱ्याची बंदूक लपवल्याचा प्रसंग लागोपाठ पाहा. मुलीने कबूल करावं म्हणून बाप ज्या सुरात बोलतो, तो ऐकताना आयरीनचा, म्हणजे इन्ग्रिड बर्गमन यांचा, चेहरा सोडू नका. इथे उलटतपासणी दोघींची चालू आहे.

प्रश्न : आम्ही पाहिलेल्या प्रतीत नवरा-बायको शेवटी एकत्र येतात, मित्राच्या प्रतीत तसं नाही. खरी प्रत कोणती?

उत्तर : पहिली. रात्री प्रयोगशाळेत आल्बर्ट धावत येतो आणि दोघं एकमेकांना बिलगतात, तो मूळ शेवट. इटलीत चित्रपट नंतर काटछाट करून, निवेदन जोडून, ‘नॉन क्रेदो प्यू आल्लामोरे’ या नावाने पुन्हा लावला. त्यात हे मीलन नाही, आयरीन मुलांकडे निघून जाते. आम्हाला हा दुसरा शेवट जास्त पटतो, पण आधी मूळ पाहावा.

प्रत ओळखताना नुसत्या लांबीवर जाऊ नका. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट जुन्या युरोपीय टीव्ही पद्धतीत २५ने धावतो. १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो, आवाजाची पट्टीही किंचित चढते. म्हणजे तीन-चार मिनिटं कमी दिसली तरी कापाकापी झालीच असं नाही. शेवटचा प्रसंग आणि निवेदन तपासा.

दुसरी चूक टीव्हीची. चित्राची चौकट १.३७ : १ आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट. रुंद पडदा भरायला ‘झूम’ लावलं की वरखालचा मिळून जवळजवळ चौथाई भाग जातो, आणि त्याबरोबर आयरीनचे हातही. योहाना अंगठी मागते तेव्हा बघायचे असतात ते हातच. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू द्या.

प्रश्न : आमच्या गटासाठी मराठी उपशीर्षकं करतो आहोत. आयरीनने नवऱ्याला ‘अहो’ म्हणावं का?

उत्तर : नको. जर्मन नवरा-बायको दोघंही एकमेकांना ‘डू’ म्हणतात, म्हणजे ‘तू’. तिच्या तोंडी ‘अहो’ घातलंत तर मूळात नसलेला दबदबा आधीच उघडा पडेल आणि आल्बर्टचा गोडवा फसवा वाटणार नाही. परक्या माणसाला ‘झी’, त्याला ‘तुम्ही’ करा. इंग्रजी उपशीर्षकांवरून भाषांतर केलंत तर हा फरक हाती लागणारच नाही, कारण तिथे दोन्हींना एकच शब्द आहे. जर्मन आवाज लावून ऐका : ‘डिश’, ‘डिर’ आलं की ‘तुला’, ‘ईनेन’ आलं की ‘तुम्हाला’. प्रत्येक जोडीसाठी एक ओळ लिहून ठेवा आणि संबोधन कुठे बदललं तर तिथली वेळ नोंदवा.