पंखा हवा खातो, होडी पुढं सरकत नाही: आधी टेप घे, पंखा नंतर

तुझा प्रश्न नीट वाचला. वडिलांची 18 फुटी फायबरची होडी, मागच्या फळीला अडकवायचं (आउटबोर्ड) सेकंडहँड 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि त्रास असा की वळण घेतलं किंवा जरा लाट आली की इंजिन एकदम ओरडतं पण होडी जागच्या जागी. मेकॅनिक म्हणतोय पंखा (पाण्यात फिरणारा प्रोपेलर) बदल. थांब जरा, पंख्यावर पैसे घालू नको एवढ्यात.

होडी ओहोटीला वाळूवर घे आणि टेप लाव. मागच्या फळीवर क्लॅम्प जिथं बसतो तिथपासून होडीच्या तळापर्यंत किती भरतं ते बघ, मग इंजिनावर क्लॅम्पच्या बैठकीपासून पंख्याच्या वरच्या आडव्या सपाट प्लेटपर्यंत मोज. हे माप शॉर्ट शाफ्टला, म्हणजे आखूड पायाच्या इंजिनाला, साधारण 15 इंच, लाँगला 20. ती प्लेट तळाच्या बरोबरीला किंवा इंचभर खाली हवी. मला वाटतं तुझी फळी 20 ची आणि इंजिन शॉर्ट असणार, म्हणजे प्लेट तळाच्या पाच इंच वर राहिली, मग कुठलाही पंखा लाव तो हवाच खाणार. आणि नुसतं तेवढंच नाही, थंड पाणी ओढायची जाळी त्या प्लेटच्या खालीच असते, तिथं हवा गेली की इंजिन तापतं, हे जास्त वाईट आहे. फळी कापून खाली घेऊ का असं तू विचारलंयस, मी तरी नाही कापणार. खाडीच्या मुखावर मागून लाट आली की कापलेल्या जागेतून पाणी सरळ आत. त्यापेक्षा हे इंजिन देऊन लाँग शाफ्ट घे.

उंची जमली की मग कोन. क्लॅम्पच्या खाली भोकांमधून एक आडवा पिन असतो, तो एक भोक फळीकडं घेतला की इंजिनाचा पाण्यातला पाय आत जातो आणि नाळ (होडीचं पुढचं टोक) खाली बसते, बाहेर घेतला की नाळ वर. एकटा मागं बसतोस म्हणून नाळ आभाळाकडं जात असेल, तर आधी पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढं सरकव, पिनला नंतर हात लाव.

क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू हातानं पिळले की झालं असं समजू नको. पंधराएक वर्षांपूर्वी देवगडच्या खाडीत माझं इंजिन थरथरून थरथरून सैल झालं, मला जाणवलं तेव्हा एक स्क्रू दोन आटे उघडला होता आणि दुसरा बोटानं फिरत होता. मी मुठीला धरून राहिलो म्हणून वाचलं, 36-40 किलोचं वजन एका हातात किती वेळ राहणार. तेव्हापासून निघायच्या आधी स्क्रू तपासतो आणि इंजिनाच्या कडीतून जाड दोरी काढून होडीला बांधतो. तूही बांध. आणि ती लाल कुरळी दोरी, जी सुटली की इंजिन बंद पडतं, ती मनगटाला किंवा लाईफ जॅकेटला अडकवल्याशिवाय इंजिन चालू करायचंच नाही, वडील करायचे तरी तू नको करू. माणूस पडला की होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, पंखा चालू असतो.

चालू करताना टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघड (हा विसरला की पाच-दहा मिनिटांनी इंजिन गुदमरतं आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात), पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा बाण वरच्या दिशेला धरून घट्ट होईपर्यंत दाब, गिअर न्यूट्रलला, चोक ओढ, स्टार्टरची दोरी आधी हळू ओढून अडली की मग जोरात. पेटलं की चोक आत. लगेच मागं बघ, इंजिनातून पाण्याची धार पडते का. धार नसली तर मिनिटभरही चालवू नको, जाळीला प्लास्टिकची पिशवी अडकलेली नाहीतर इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक) गेलेला. सेकंडहँड आहे, इम्पेलर मी तर न विचारता बदलून टाकेन.

तेल बहुतेक 50:1, म्हणजे 5 लिटर पेट्रोलला 100 मिली, पण मॉडेलचं पुस्तक बघून खात्री कर, आणि तेल आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू3 घे, मोटरसायकलचं नको. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ते ओलावा ओढतं, म्हणून जून-जुलैच्या मासेमारी बंदीत टाकीत पेट्रोल ठेवू नको, शेवटच्या दिवशी नळी काढून इंजिन आपोआप बंद होऊ दे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी पिंपातल्या गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटं चालवायचं, न्यूट्रलमध्ये, पाणी प्लेटच्या वर हवं. गिअरचं तेल दुधासारखं दिसलं तर सील जाऊन आत पाणी शिरलंय, तसं चालवू नको.

टेपची दोन्ही मापं टाक इथं, आणि होडीचा बाजूनं सरळ एक फोटो, प्लेट आणि तळ दोन्ही दिसेल असा.