ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी मॉनिटर बघ

अरे, गेमिंगसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ विचारतोस, तर आधी सांग, मॉनिटर कोणता आहे? १०८० पी (म्हणजे फुल एचडी) आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम्स (चित्रं) दाखवणारा असेल तर महागडं कार्ड घेऊन उपयोग नाही, जास्तीच्या फ्रेम्स तुला दिसणारच नाहीत. १४४० पी, म्हणजे त्याहून बारीक चित्राचा असेल तर मात्र बोलू.

बजेट तोकडं असेल तर जुन्या पिढीचं वापरलेलं कार्ड बघ. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० अजून दमदार आहे, पण मूळ मॉडेलची मेमरी १० जीबी. एएमडीच्या आरएक्स ६८०० एक्सटीला १६ जीबी मिळते, मी तेच घेईन. रे ट्रेसिंगचं (गेममधला खराखुरा वाटणारा प्रकाश आणि प्रतिबिंबं) वेड असेल तर गोष्ट वेगळी, त्यात ३०८० सरस.

पॉवर सप्लायवर काटकसर करू नकोस. ३०८० एकटं ३२० वॅट खातं, ७५० वॅटचा चांगला सप्लाय हवाच. मी स्वस्तातला लावला होता. ऐन गेममध्ये पीसी बंद! दोष कार्डाला देत बसलो, महिनाभर.

ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठ, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात भाव काढ. ग्राफिक्स कार्डं सतत राबवून इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (नाणी कमावणं) चालायचं, ते सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं, त्यातली बरीच कार्डं बाजारात आली. म्हणून अर्धा तास गेम चालवून, तापमान बघूनच पैसे दे. बिल आणि उरलेली वॉरंटीही विचार. आणि हो, कार्ड आत मावेल ना, म्हणून कॅबिनेटची लांबी मोजून जा.