जवळ घेतलं तर लाडावेल का?

मी समुपदेशक, पण जून लागला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. माणसं आलेली असतात मुलाच्या अभ्यासासाठी नाहीतर घरातल्या कटकटींसाठी, आणि उठता उठता विचारतात, मॅडम, गडगडायला लागलं की आमचा कुत्रा थरथर कापतो, जवळ घ्यावं का नको, लाडावून अजून घाबरट होईल म्हणतात. इतक्या वेळा ऐकलंय की एक केस लिहूनच टाकते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बडोद्यात कारेलीबागेत तळमजल्यावर राहणाऱ्या एक ताई. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 26), तेव्हा घरात कमरेएवढं पाणी आणि कुत्रा बंड्या दोन दिवस गच्चीवर. तेव्हापासून ढग आले की हा कॉटखाली, धापा टाकतोय, लाळ गळतेय, एकदा तर दाराची जाळी फाडून पळाला. ताई आल्या होत्या स्वतःला झोप येत नाही म्हणून, पण बोलणं सगळं बंड्याचंच.

"तो कॉटखाली नक्की कधी जातो?"

"गडगडायच्या आधीच. त्यांना आधी कळतं ना."

लांबचा गडगडाट कुत्र्याला आपल्या आधी ऐकू येतो हे खरंच, तरी मला काहीतरी खटकत होतं. म्हटलं, आठवडाभर वहीत लिहा, तो आत गेला त्याच्या जरा आधी घरात काय चाललं होतं.

पुढच्या वेळी वही वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या. "मॅडम, मंगळवारी तर ऊन होतं. मी फक्त मोबाईलवर आजवा धरणाची लेव्हल बघत होते, तिथलं पाणी विश्वामित्रीत येतं ना."

मी गप्प राहिले. इतक्या वर्षांत एवढं शिकलेय की अशा वेळी आपण तोंड उघडायचं नाही, समोरच्याला पोचू द्यायचं.

"म्हणजे तो मला घाबरतो?"

"तुमच्याबरोबर घाबरतो," मी म्हटलं.

खूप रडल्या. पुराच्या रात्रीनंतर पहिल्यांदाच, असं म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

मी जॉन बोल्बींच्या (मूल आणि आईच्या नात्यावर काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ) विचारांवर वाढलेली, लहान मूल आईच्या चेहऱ्यावरून ठरवतं की धोका आहे का नाही, आणि माझं मत आहे की घरातला कुत्राही तेच करतो. स्वीडनमध्ये 2019 ला 58 कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या केसातलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) तपासलं होतं, लांब पल्ल्याचा ताण दोघांचा बराच जुळला.

तर हो, जवळ घ्या, बिनधास्त घ्या. भीती ही काही खाऊसाठी केलेली युक्ती नाही की लाड केल्यानं वाढेल. फक्त आवळून धरू नका आणि लपलेल्याला ओढून बाहेर काढू नका, मांजराला तर मुळीच नाही. खिडकी नसलेली आतली जागा, बाथरूम, जिन्याखालचा कोपरा, तिथे त्याची रोजची चादर आणि तुमचा वापरलेला ड्रेस, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्ही चालू. वादळ यायच्या आधीच शू-शी उरकून घ्या. पट्ट्यावर तुमचा नंबर हवाच, आणि मांजराला न्यायची पेटी वर्षभर उघडी ठेवा, ऐनवेळीच दिसली तर मांजर आत जाणार नाही. पाणी भरायची शक्यता असेल तर बांधून अजिबात ठेवू नका. पाणी ओसरल्यावर आपल्याकडे मगरी थेट सोसायटीत येतात, म्हणून काही दिवस साखळीशिवाय बाहेर नाही, आणि साचलेल्या पाण्यातून चालवणं तर नाहीच, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) भीती असते. आपली क्रोसिन वगैरे देऊ नका, मांजर तर पॅरासिटामॉलने मरूही शकतं. भीती फार असेल तर औषधाचं डॉक्टरांना मे महिन्यातच विचारा.

ताईंशी मी एकच ठरवलं. लेव्हल दिवसातून दोनदाच बघायची, आणि मोबाईल उघडायच्या आधी बंड्याला पनीरचा तुकडा द्यायचा. पहिले काही दिवस त्याने पनीर तोंडातही घेतलं नाही. ताई म्हणाल्या, सोडून देऊ का, मी म्हटलं नाही, तुकडा त्याच्याजवळ ठेवून तुम्ही शेजारी जमिनीवर बसा.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा मेसेज आला, "विश्वामित्री 19 फूट. हा कॉटखालीच आहे, पण पनीर मागतोय."