मणी भिजवू नका (आणि भिजवलेच असतील तर सिंकमध्ये ओतू नका)

सागोट गुलामान या फिलिपिन्सच्या सरबताबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझं मकातीचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही लिहिलंय, टॅपिओकाचे म्हणजे साबुदाण्यासारखे मोठे मणी रात्री पाण्यात घातले, सकाळी पातेल्यात पांढरी खळ, वर जेलीही सरबतात विरघळली आणि रविवारी मुलाचा वाढदिवस. ती खळ अजून पातेल्यातच असेल तर कृपा करून सिंकमध्ये ओतू नका. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तीन वर्षं मनिलाला, मकाती भागात होतो. गल्लीच्या तोंडाशी एक बाई दुपारी, म्हणजे तिकडच्या 'मेरिएन्दा'च्या, मधल्या खाण्याच्या वेळेला, मोठ्या काचेच्या बरण्या मांडून उभ्या असायच्या. तपकिरी सरबत, तळाशी मणी आणि जेलीचे तुकडे. प्लास्टिकच्या पिशवीत ओतायचं, स्ट्रॉ खुपसायची, दिलं. तेच हे सागोट गुलामान. सागो म्हणजे मणी, गुलामान म्हणजे समुद्री शेवाळाची जेली, मधला 'ट' म्हणजे नुसतं 'आणि'. बाईंना सगळे 'आते' म्हणायचे. तिकडे आते म्हणजे थोरली बहीण, पण मला पहिले सहा महिने आत्यालाच हाक मारल्यासारखं वाटायचं.

आतेंनी मला पाक शिकवला, जेली शिकवली, केळ्याच्या इसेन्सचे किती थेंब तेही सांगितलं. मणी भिजवायचे नाहीत हे तेवढं सांगितलं नाही, कारण ते सांगावं लागतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. मीही विचारलं नाही. साबुदाणा मला कोणी शिकवायचा? उपासाच्या खिचडीत हयात गेली!

घरच्या गणपतीला २५ माणसं येणार होती. मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगून ठेवलं की यंदा इथलं सरबत. आदल्या रात्री किलोभर मणी धुऊन, बोटभर पाणी ठेवून झाकले. सकाळी झाकण काढलं तर पतंगाला कागद चिकटवावा अशी खळ.

कारण साधं आहे, मला ते नंतर कळलं. आपला साबुदाणा आणि ते मणी दोन्ही कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचेच. पण आपल्याकडे, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला, ओल्या पिठाचे दाणे वळले की ते गरम तव्यांवर भाजतात किंवा वाफवतात. दाण्याचं कवच तिथेच शिजतं, म्हणून तो पाण्यात फुगतो पण मोडत नाही. त्या मण्यांचं पीठ कच्चंच वाळवलेलं. गार पाण्यात पडले की पुन्हा पीठ. खळखळत्या पाण्यात पडले तर बाहेरचा थर क्षणात शिजतो आणि मणी टिकतो.

पण मला महागात पडली ती पुढची अक्कल. शेजारीण म्हणाली, पापड्या घाल. सप्टेंबरात, तिकडच्या वादळाच्या दिवसांत, बाल्कनीत पापड्या! मी सरळ सगळं सिंकमध्ये ओतलं, आणि नीट वाहून जावं म्हणून वरून दोन किटल्या उकळतं पाणी. म्हणजे पाइपात बसलेलं कच्चं पीठ मी स्वतःच्या हाताने तिथेच शिजवलं. तासाभरात आमचं सिंक तुंबलं, संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्याचंही.

मग इमारतीचं ऑफिस. प्लंबर आत आणायला कामाचा परवाना हवा, परवान्याला घरमालकाची सही हवी, घरमालक गावी. काउंटरवरची मुलगी रोज गोड हसायची आणि रोज नवीन फॉर्म द्यायची. आठ दिवस बाथरूममध्ये भांडी घासली, गौरी-गणपतीची भांडी! खालच्यांच्या दुरुस्तीचे पैसेही आमच्या डिपॉझिटमधून कापले. पावती मागितली तर त्यासाठी वेगळा अर्ज. असो. अजून रक्त उकळतं.

तर तुमची खळ: निवळू द्या, वरचं पाणी ओता, खालचं पीठ ओल्या कचऱ्यात. ऊन असेल तर खुशाल पापड्या घाला, तुम्ही भारतात आहात.

आता नवीन मणी. पाणी मण्यांच्या आठ-दहा पट, अगदी उकळी फुटल्यावरच मणी सोडायचे आणि तरंगेपर्यंत हलवत राहायचं. मोठ्या मण्यांना मला अर्धा-पाऊण तास लागतो, मग गॅस बंद करून झाकून आणखी अर्धा तास. मध्ये पांढरा ठिपका उरला तर ताज्या पाण्यात पुन्हा एक उकळी. गार पाण्यात धुऊन लगेच पाकात टाका. हा माझ्या पाकिटांचा अनुभव. झटपट शिजणारे मणीही मिळतात, तेव्हा तुमच्या पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर त्याचंच ऐका. मणी मिळालेच नाहीत तर आपला मोठा साबुदाणा चालतो, तो मात्र भिजवायचा. दाताखाली ती मजा नाही, पण मुलांना कळणार नाही.

जेली विरघळली म्हणजे तुम्ही बहुधा जिलेटिन वापरलंत. ते गरमीत वितळतं, शिवाय शाकाहारी नसतं, पाहुण्यांत कोणी पाळणारं असेल तर बघा. चायना ग्रास घ्या, गुलामान तेच. १० ग्रॅमला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळायचं, साखर त्यानंतर. लिंबू नको, आंबटाने जेली ढिली पडते. फ्रीजबाहेरही जमते आणि नंतर उन्हाळ्यातही वितळत नाही.

पाकाला तिकडे 'अर्निबाल' म्हणतात. गडद तपकिरी साखर आणि पाणी समसमान, त्यात पांडानच्या पानाची गाठ, दहा मिनिटं उकळलं की झालं. पांडान म्हणजे केवड्याचा भाऊबंद, पण वास बासमतीचा. म्हणून केवड्याचं इसेन्स घालायचा मोह आवरा, सरबताचं अत्तर होतं. पान नसेल तर व्हॅनिला. गूळ चालतो, काळसर पण खारट नसलेला, पाक गाळून घ्या. काकवी मला नाही आवडत, बाकी सगळी चव खाऊन टाकते. दूध घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांनी त्याला फालुदा म्हणावं.

रविवारसाठी जेली आणि पाक शनिवारी करा. मणी रविवारी सकाळीच, आणि फ्रीजमध्ये ठेवू नका, आतून खडूसारखे होतात. पाव किलो कोरडे मणी २५ लहान ग्लासांना पुरावेत. ग्लासात दोन चमचे मणी, तेवढीच जेली, तीन-चार चमचे पाक, बर्फ, गार पाणी. पाक कमी घालून चाखा, वाढवता येतो.

आणि चार वर्षांच्या आतलं कोणी असेल तर त्याला मणी देऊच नका, नुसतं सरबत द्या. जाड स्ट्रॉने ओढलेला मणी थेट घशात जातो. जरा मोठ्यांनाही स्ट्रॉऐवजी चमचा द्या.