जोडलेल्या फाइलीचे नाव दिसत नसेल तर

सातबाऱ्याची पीडीएफ कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या, मेलने आली आणि वेबमेलमध्ये (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मेलमध्ये) नुसते ‘नोनेम’ किंवा ‘एन्क्रिप्टेड.एएससी’ दिसले, म्हणून फाइल हरवली असे समजून मेल पुसू नका. पीजीपी-माइम या मेल कुलूपबंद करण्याच्या पद्धतीत फाइलीचे खरे नाव मजकुरासह कुलपाच्या आत जाते, त्यामुळे ज्या वेबमेलला ते कुलूप उघडता येत नाही, त्याला केवळ बाहेरचे वेष्टन दिसते. यवतमाळकडच्या आपल्या खेड्यांत लोक अशा वेळी नेटला दोष देतात, पण बिचाऱ्या नेटचा येथे काही संबंध नसतो.

तुमची खासगी किल्ली (हे कुलूप उघडणारी, फक्त तुमच्याकडे असणारी फाइल) घातलेल्या थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममध्ये तोच मेल उघडा. तेथेही नाव विस्कटलेले असेल, तर देवनागरी नावावर संशय घ्या. अशी नावे १९९७ च्या आरएफसी २२३१ या इंटरनेटच्या मानक नियमपत्रानुसार सांकेतिक रूपात लिहावी लागतात आणि काही प्रणाली त्यात चुकतात. पाठवणाऱ्याला रोमन अक्षरांतले छोटे नाव देऊन फाइल पुन्हा पाठवायला सांगा.