नारिंगी वायर सोडून बाकी बोला

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांवरचे प्रश्न एवढे साठलेत की या वेळचं पूर्ण पान त्यांनाच दिलंय. पत्रं लांबलचक होती, मुद्द्यापुरती ठेवलीयेत.

प्रश्न : माझी ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड आहे, फ्री सर्व्हिस संपल्या आणि आता बिलं वाढायला लागलीत. आमच्या भागात एक जुना, चांगला मेकॅनिक आहे पण तो म्हणतो याला हात लावत नाही, शॉक बसेल. बाहेर किंवा घरी सर्व्हिस करणं शक्य आहे का? (एक वाचक, चिंचवड)

दादा, तुमच्या मेकॅनिकची भीती अर्धी बरोबर आहे. त्या गाडीत १७७.६ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे आणि तो करंट नारिंगी रंगाच्या जाड वायरांतून फिरतो, त्या वायरा जिथे जिथे जातात, म्हणजे बॅटरी, इन्व्हर्टर (बॅटरीचा करंट मोटरजोगा करणारा डबा), मोटर आणि एसीचा कॉम्प्रेसर, तिथे घरी हात लावायचा नाही, विषय संपला. पण बाकी काय उरतं? १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ज्याचं ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग हे सगळं तुमचा माणूस रोज दहा गाड्यांचं करतो तसंच आहे. उलट काम कमीच, कारण क्लच नाही, गिअरबॉक्समध्ये बेल्ट नाही, नेहमीसारखा स्टार्टर आणि अल्टरनेटरही नाही, ती दोन्ही कामं आतल्या मोटरी आणि इन्व्हर्टरच करतात.

फक्त एक सवय बदलावी लागते. साध्या गाडीत इंजिन बंद म्हणजे गाडी बंद. इथे डॅशवर ‘रेडी’ दिसत असेल तर इंजिन गप्प बसलंय पण गाडी चालू आहे, आणि बॅटरी उतरली की ते स्वतःहून सुरू होणार, मग खाली ड्रेन बोल्ट काढलेला असो नाहीतर वर कुणाचा हात पंख्याजवळ असो. म्हणून बॉनेट उघडायच्या आधी पॉवर बटण बंद, रेडी गेलंय हे डोळ्यांनी बघायचं, आणि चावी घरात नेऊन ठेवायची, खिशात नाही. या गाड्या खिशातली चावी लांबूनही ओळखतात आणि गाडीत बसलेलं पोरगं ब्रेक दाबून बटण दाबू शकतं.

ऑइलच्या बाबतीत हट्ट करा. या इंजिनांना पातळ ऑइल लागतं, ०डब्ल्यू-१६ सारखं, नेमका ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. गॅरेजवाल्याकडे रॅकवर २०डब्ल्यू-४० चा डबा असतो आणि तो म्हणणार ‘जाड ऑइल चांगलं असतं साहेब, इंजिन थंड राहतं’. ते ऐकायचं नाही. हे इंजिन एका प्रवासात कितीतरी वेळा बंद होऊन परत सुरू होतं, प्रत्येक वेळी ऑइल झटकन वर पोचायला हवं.

कूलंटचं पण बघा. या पद्धतीच्या गाड्यांत इंजिनचा कूलंट वेगळा आणि इन्व्हर्टरचा वेगळा, दोन स्वतंत्र बाटल्या. लेव्हल दोन्हीची बघायची, आणि टॉप-अप करायची वेळ आली तर कंपनीचाच, नळाचं पाणी नाही.

आता एसी, इथे बाहेरच्या माणसाकडून सगळ्यात महागडा घोळ होतो म्हणून जरा जास्त लिहितो. हायब्रिडचा कॉम्प्रेसर बेल्टवर चालत नाही, हाय व्होल्टेज मोटरवर चालतो, आणि त्याच्या आतलं ऑइल त्या मोटरच्या तारांना भिडलेलं असतं. त्यामुळे तिथे करंट न वाहू देणारं खास ऑइल लागतं (टोयोटा पद्धतीच्या गाड्यांत एनडी-११ नावाचं). रस्त्यावरचा गॅस भरणारा साध्या गाड्यांचं पॅग ऑइल गॅसबरोबर ढकलतो, त्याच्या पाइपात आधीच्या गाडीचं थोडं राहिलेलं असलं तरी ते आत जातं. मग इन्सुलेशन कमजोर होतं, गाडी इन्सुलेशन फॉल्टचा पी०एए६ कोड दाखवते, आणि दोन हजाराच्या गॅसपायी कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते. कूलिंग कमी झालं तर आधी केबिन फिल्टर बदला, बऱ्याचदा तेवढंच असतं. गॅस भरायचाच असेल तर हायब्रिडसाठी वेगळं मशीन आहे का हे विचारल्याशिवाय बॉनेट उघडू देऊ नका.

ब्रेक पॅड खूप टिकतात कारण गाडी बराचसा वेग मोटरनेच मारते. पण वापरच कमी म्हणून कॅलिपरच्या पिना गंजून बसतात, कोकणात, मुंबईत तर हमखास. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर काढून, साफ करून ग्रीस लावून घ्या. पॅड काढायच्या वेळी मात्र सांभाळून. अनेक हायब्रिडमध्ये गाडी बंद असताना ड्रायव्हरचं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप गुर्रकन फिरतो, तुम्ही ऐकला असेल तो आवाज, आणि कॅलिपर उघडा असेल तर पिस्टन बाहेर येतो. दार आधीच उघडं ठेवायचं, मध्ये उघडबंद करायचं नाही. ब्रेक ऑइल बदलणं, एअर काढणं ही कामं स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं उपकरण) असलेल्याकडेच, ते पायाने पंपिंग करून नीट होत नाही.

एक काम कंपनीच्या सर्व्हिसमध्येही मागून करून घ्यावं असं आहे. हायब्रिड बॅटरीला थंड करायला केबिनमधली हवा लागते, तिची जाळी मागच्या सीटपाशी कुठेतरी असते, मॅन्युअलमध्ये चित्र सापडेल. तिच्यावर धूळ, कुत्र्याचे केस, चिप्सचा चुरा बसतो, कुणीकुणी तर तिच्यावरच बॅग टेकवून ठेवतो. व्हॅक्युम क्लीनर लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

राहिला वॉरंटीचा मुद्दा. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. वॉरंटी बुकातल्या अटी स्वतः वाचा, काउंटरवरचा मुलगा काय म्हणतो ते नको. माझं स्पष्ट मत, तोपर्यंत ठरलेल्या सर्व्हिस कंपनीतच करा आणि शिक्के जपा, फिल्टर, वायपर, साफसफाई एवढं घरी. ‘इंजिन डीकार्बनायझेशन’, ‘एसी डिसइन्फेक्शन’ असलं काही बिलात घुसवलं तर काढायला लावा, बिल तिथेच निम्मं होतं. वॉरंटी संपली की मग खुशाल बाहेर जा. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड लावला होता, प्रकरण पुढे अपिलात गेलं. ग्राहक खात्याचं राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल पण डिसेंबर २०२२ पासून आहे, त्यात गाड्या येतात. पण तुमच्या गल्लीतल्या मेकॅनिकच्या हातात स्कॅनर अजून आलेला नाही, हे आपण दोघंही बघतोय.

प्रश्न : सेकंडहँड टोयोटा कॅम्री हायब्रिड घेतली. पीयूसीवाला म्हणतो मॅडम गाडी चालू करा, मी म्हणते चालूच आहे. शेवटी तसंच परत यावं लागलं. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, यावर इलाज आहे, त्याला मेंटेनन्स मोड म्हणतात. ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा दाबा म्हणजे डॅश उजळेल पण रेडी येणार नाही. मग पी मध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दोनदा दाबा, एन मध्ये टाकून दोनदा, परत पी मध्ये येऊन दोनदा. हे सगळं एका मिनिटाच्या आत. स्क्रीनवर मेंटेनन्स मोड आलं की ब्रेक दाबून गाडी सुरू करा, इंजिन चालू होईल आणि चालूच राहील. टोयोटाच्याच प्रियसमध्येही हेच चालतं, नव्या मॉडेलमध्ये थोडा फरक असू शकतो. काम झालं की पॉवर बंद, मोड निघून जातो. त्या मोडमध्ये गाडी रस्त्यावर न्यायची नाही. आणि हे सगळं सपाट जागेवर, हँडब्रेक लावून.

प्रश्न : ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला मोबाइल जोडणारा) घेतलाय. मला गाडी जास्त वेळ ईव्ही मोडवर चालवायची आहे, रिव्हर्सला आत वाजणारा बीप आणि बाहेरचा गुंइंइं आवाज बंद करायचाय, जमलं तर रिमॅप (इंजिन चालवणारं सॉफ्टवेअर बदलणं) पण. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, नाशिक, सॉफ्टवेअरमध्ये आहे)

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला हे पटकन कळेल, रीड परमिशन आणि राइट परमिशन वेगळ्या धरा. वाचायला काहीच हरकत नाही, मनसोक्त वाचा. कार स्कॅनर, टॉर्क, हायब्रिड असिस्टंट, डॉक्टर प्रियस अशी अ‍ॅप्स आहेत, गाडीला चालतं ते लावा, आणि बॅटरीचं तापमान, तिच्या एकेका ब्लॉकचे (सेलच्या गटाचे) व्होल्टेज, इन्व्हर्टरचं तापमान महिन्यातून एकदा बघून ठेवा. गाडी ठीक असतानाचे आकडे तुमच्याकडे असले तर बिघडल्यावर कळतं काय बदललं. डोंगल मात्र चारशे रुपयांवाला असेल तर भरवसा नको, ईएलएम ३२७ या मूळ चिपची नक्कल आणि वर ‘व्हर्जन २.१’ छापलेलं असलं की अर्ध्या कमांड चालत नाहीत. गाडी लावून ठेवताना डोंगल काढत जा, तो छोटी बॅटरी खात बसतो.

लिहिण्याआधी मॅन्युअलची शेवटची पानं उघडा. बऱ्याच गाड्यांत तिथे कस्टमायझेशनचा तक्ता असतो, कुठली सेटिंग स्क्रीनवरून होते आणि कुठली डीलरकडे. किती वेगाला दारं लॉक व्हावीत, हेडलाइट किती सेकंद राहावेत, अंधाराचा सेन्सर किती नाजूक असावा, बरंचसं स्क्रीनवरूनच होतं आणि लोक त्यासाठी केबल शोधत फिरतात. आतला रिव्हर्स बीप काही मॉडेलमध्ये या तक्त्यात असतो, काहीत नसतो, नसेल तर डीलरला सर्व्हिसच्या वेळी करायला सांगा. कॅरिस्टासारख्या अ‍ॅपने स्वतः करणार असाल तर आधी जुन्या व्हॅल्यूचा फोटो काढा, एका वेळी एकच बदल करा, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्जर लावून ठेवा, लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर तो कंट्रोलर मुका होऊ शकतो. टोयोटाचं टेकस्ट्रीम हे निदानाचं सॉफ्टवेअर पायरेटेड सीडीवरून टाकणारे पुष्कळ आहेत, त्या सीडीत अजून काय काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

बाहेरचा आवाज बंद करू नका. तो आंधळ्या माणसासाठी आहे, म्हाताऱ्यांसाठी आहे, मोबाइलमध्ये डोकं घातलेल्यासाठी आहे. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीला तो सक्तीचा आहे.

ईव्ही मोडचं गणित करा. तुम्ही गाडी कुठली ते लिहिलं नाहीत म्हणून टोयोटा हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराचं धरतो, बॅटरी ०.७६ किलोवॉट अवर, म्हणजे महावितरणच्या पाऊण युनिटाएवढी. आणि गाडी तीही पूर्ण वापरत नाही, मुद्दाम मधला पट्टा धरून चालते, तळ गाठू देत नाही आणि काठोकाठ भरू देत नाही, म्हणून तर ती बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. सॉफ्टवेअरने तो पट्टा ताणला तर मिळणार एखाद-दोन किलोमीटर आणि जाणार बॅटरीचं आयुष्य. ईव्हीच हवी असेल तर ईव्ही घ्या.

रिमॅप तर नकोच. इथे इंजिन, दोन मोटरी, इन्व्हर्टर आणि ब्रेक एकमेकांशी सतत बोलतात, एकाची भाषा बदलली की बाकीचे गोंधळतात. बनवणाऱ्यांनासुद्धा हे सोपं गेलेलं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने प्रियसच्या ब्रेकचं, एबीएसचं सॉफ्टवेअर बदलायला गाड्या परत बोलावल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस, कारण सॉफ्टवेअरच्या सेटिंगमुळे इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर तापून गाडी चालता चालता बंद पडू शकत होती. दुरुस्ती काय, तर नवीन सॉफ्टवेअर. लॅब, टेस्ट ट्रॅक, शेकडो इंजिनिअर असून ही गत. शिवाय गाडीत मनाने बदल करण्यावर बंधन घालणारं मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर काय बघेल ते वेगळंच.

प्रश्न : अमेरिकेत, बॉस्टनजवळ राहतो. २०१० ची प्रियस, पी०ए८० (हायब्रिड बॅटरी खराब) कोड आलाय. डीलर म्हणतो पूर्ण बॅटरी बदला, एक ओळखीचा म्हणतो खराब झालेलं एकच मॉड्युल (बॅटरीतला एक भाग) बदलू, घरी गॅरेजमध्येच. करू का?

त्या बॅटरीत ७.२ व्होल्टची २८ मॉड्युलं आहेत, सगळी मिळून २०१.६ व्होल्ट. सगळी एकाच वयाची. एक बदललंत तर उरलेली २७ तेवढीच म्हातारी राहतात, आणि त्यातलं पुढचं कधी मान टाकेल सांगता येत नाही. गाडी विकायच्या आधी चार महिने ओढायची असेल तर ठीक, वापरायची असेल तर पूर्ण पॅक, नवीन मॉड्युलांचा. ‘रिकंडिशन्ड’ म्हणून जे विकतात ते बहुतेक हेच पत्ते पिसून दिलेले असतात. ऑर्डर देण्याआधी मागच्या सीटच्या बाजूची जाळी आणि पंखा उघडून बघा, पंखा तुंबलेला असेल तर नवीन बॅटरीही त्याच वाटेने जाईल.

घरी करणार असाल तर ओळखीच्या माणसाला एक प्रश्न विचारा : नारिंगी सर्व्हिस प्लग काढल्यावर बॅटरी मेली का? ‘हो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. प्लग काढला की बॅटरी आतून दोन भागांत तुटते आणि बाहेरच्या वायरांना करंट जात नाही, पण आत दोन्ही भागांत धोकादायक व्होल्टेज तसंच जिवंत असतं. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, भोक नाही ना हे हवा भरून बघायचं, अंगठी-घड्याळ-साखळी काढायची, प्लग खिशात ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं म्हणजे इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरतात, मग मीटर लावून शून्य बघायचं. आणि एकटं नाही करायचं.

तुमच्याकडे कायद्याची बाजू बरी आहे. बाहेर सर्व्हिस केली एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही हा नियम तिथे १९७५ पासून आहे, आणि मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये राइट टू रिपेअरला मत दिलं, त्यामुळे डीलरकडे असतं ते निदानाचं सॉफ्टवेअर पैसे भरून तुम्हालाही मिळतं. चोरीच्या सीडीपेक्षा ते घ्या. आणि त्या पिढीच्या प्रियसमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) काजळीने तुंबतो, पुढे हेड गॅस्केट जातं. बॅटरीवर पैसे ओतण्याआधी ते तपासा, सकाळी सुरू करताना इंजिन थरथरत असेल किंवा कूलंट कमी होत असेल तर आधी तिकडे बघा.

प्रश्न : महिनाभर गावी होतो, परत आलो तर गाडीत सगळे दिवे पेटले, सुरूच होईना. हायब्रिड बॅटरी गेली का? (एक वाचक, सातारा)

काका, बहुतेक नाही. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली असेल. हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडते, त्यामुळे कमजोर झाली तरी साध्या गाडीसारखा घर्र घर्र आवाज येत नाही, एकदम दिव्यांची जत्राच. मीटरने बघा, उभ्या गाडीत साडेबाराच्या आसपास हवं, बाराच्या खाली असेल तर चार्ज करा किंवा बदला. जम्प स्टार्ट देताना मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टर्मिनललाच वायर लावा.

प्रश्न : सिग्नलला एन मध्ये टाकायची जुनी सवय आहे, हायब्रिडला चालते का? (एक वाचक, ठाणे)

नाही. एन मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही, एसी मात्र तिच्यातूनच खात राहतो. घोडबंदरच्या रांगेत अर्धा तास तसं बसलात तर ती उतरलीच. डी मध्ये ब्रेक दाबून थांबा, जास्त वेळ असेल तर पी. आणि कधी बंद पडली तर पुढची चाकं रस्त्यावर टेकवून ओढू देऊ नका, चाकं फिरली की आतली मोटर करंट बनवते, फ्लॅटबेडच बोलवा.