आजोबांच्या डाळमिलमध्ये नवीन काही करायचं म्हटलं की वडील 'नको' म्हणतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की वडील डाळ कट्ट्यातच, म्हणजे मोठ्या पोत्यातच विकतात, तुम्हाला मिलच्या नावाची छापील पाकिटं काढायची आहेत आणि ते फक्त 'नको' म्हणतात, कारण सांगत नाहीत. मी जळगावचा. आमचीही डाळमिल आहे, मी तिसऱ्या पिढीतला.

माझा वाद सॉर्टेक्स या डाळ निवडायच्या मशीनवरून झाला. त्यात कॅमेरा काळा दाणा हेरतो आणि हवेचा झोत तो बाहेर उडवतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, दोन वर्षं नाहीच म्हणत होते. मला वाटायचं, त्यांना यंत्र समजत नाही. एका रात्री हिशेबाला बसलो असताना भीत भीत विचारलं, तेव्हा कळलं की त्यांना काळजी डाळ निवडणाऱ्या अकरा बायांची होती. त्यातल्या तिघी तर आजीच्या वेळच्या. दुसरी काळजी बाजारात अडकलेल्या उधारीची. "हाऊ पैसा कोना शे?" (हा पैसा कोणाचा आहे?) एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिने मी फक्त वसुली केली, बायांना पाकिटं भरायचं काम लावून दिलं, मग मशीन आलं.

तुमच्या वडिलांनी स्वतः काय बदललं, हेही विचारा. साल सुटावं म्हणून तेल लावलेली तूर आमच्याकडे उन्हातच वाळायची, त्यामुळे पावसाळ्यात मिल बंद. अप्पांनी ड्रायर आणला तेव्हा आजोबा महिनाभर नीट बोलले नव्हते! हे मला तिशीत कळलं. आधी कळलं असतं तर मी इतका चिडलो नसतो.

आपल्या खान्देशातच बघा. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपापासून झाली. वडील गेल्यावर १९६६ मध्ये अझीम प्रेमजी २१व्या वर्षी कारभारात आले, पण कॉम्प्युटर बरेच नंतर आले. आधी तेलाला जवळचा साबण. जळगावच्या जैन इरिगेशनचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या एजन्सीपासून सुरुवात केली. पुढे पाइप आणि ठिबक आलं, तेही शेतकऱ्यासाठीच. ओळखीचा माल किंवा ओळखीचं गिऱ्हाईक, दोन्हींपैकी एक तरी त्यांनी हाताशी ठेवलं. तुमच्या पाकिटात माल ओळखीचा आहे, म्हणून मला तुमची कल्पना पटते.

वडिलांकडे जाण्याआधी आकडे मांडा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याहून मोठ्या कट्ट्यावर लागत नाही. त्यांच्या 'नको'मागे हेच असेल कदाचित. पाकिटांचं खातं वेगळं ठेवा, पहिला लॉट दोन-तीन क्विंटलचाच करा. आणि पाकिटातली डाळ कट्ट्यातल्यापेक्षा हलक्या प्रतीची नसेल, हा शब्द त्यांना आधी द्या, कारण त्यावर नाव आजोबांचं असणार आहे.